कागदी पिशवीवरची वाक्यं

मँचेस्टर,
४ सप्टेंबर १९६९

प्रिय ॲगी,

तुझा आल्याचा केक मिळाला. अर्धा मी खाल्ला. उरलेला आमच्या घरमालकीणबाईंनी, मिसेस टूल यांनी, 'नुसता चाखून बघते हं' म्हणत फस्त केला. पुढच्या वेळी स्टुडिओच्या पत्त्यावर पाठव.

काल काय गंमत झाली ऐक. कसायाच्या दुकानात रांगेत उभा होतो. मागून एक बाई म्हणाली, "मिस्टर ग्रिमशॉ, अर्ध्या इंचाचे खिळे आहेत का हो?" मी म्हटलं, "बाई, संपलेत. मंगळवारी या." ती "बरं" म्हणून निघूनसुद्धा गेली, मटण न घेता! 'टॅनर्स रो' या टीव्ही मालिकेत ग्रिमशॉ बनून दर बुधवारी दुकान उघडून बसतो मी, पण अकरा वर्षांत खरा खिळा एकही विकलेला नाही.

त्याआधी तीस वर्षं काय केलं म्हणशील तर एकतीस हवालदार, नऊ पाद्री आणि दोन प्रेतं. एका सिनेमात नायकाला स्टेशनचा रस्ता दाखवला, तोही चुकीचा. क्लिफ हॅसलम कोण म्हणून विचारलंस तर या देशात कुणी सांगणार नाही. पण हेच थोबाड घेऊन बसमध्ये चढलो की कंडक्टर विचारतो, "मिस्टर ग्रिमशॉ, गंजलेलं कुलूप कसं उघडायचं?" मला आवडतं ते. खोटं कशाला बोलू?

पाठांतर अजून खणखणीत आहे. नवी पोरं हातात पानं घेऊन फिरतात. मी एकदा वाचलं की झालं.

तुझा,
क्लिफ

*

नेल्सन,
११ सप्टेंबर

क्लिफ,

पाठांतराचं मी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगितलंस, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

काल बुधवार. मी आणि शेजारची एडना टीव्हीसमोर बसलो होतो. पबमधला प्रसंग होता. पुढे डोरीन लॅथम, तुमच्यात पबवाली होते ती, कुणाशी तरी भांडत होती. मागच्या टेबलावर तू डॉमिनो खेळत होतास. ऐकू येत होतं डोरीनचं, तुझं नाही. पण मी तुझ्याकडेच बघत होते आणि तुझे ओठ हलत होते. तू शेजारच्याला विचारत होतास, "ही बाई कोण? हिचं नाव काय?" दोनदा विचारलंस. तो बिचारा हसला. त्याला वाटलं असेल, म्हातारा थट्टा करतोय.

मी चुकले असं सांगू नकोस. अडतीस वर्षं गिरणीच्या विणखात्यात उभी राहिले आहे मी. चारशे मागांच्या खडखडाटात आम्ही सगळ्या बायका नुसत्या ओठांनी बोलायचो. पार त्या टोकाच्या बाईचं लग्न कसं मोडलं, ते मी या टोकाला उभी राहून ओठांवरून वाचलंय. तुझं तर थोबाड टीव्हीवर हातभर दिसतं.

अकरा वर्षं जिच्यासमोर काम करतोस, तिचं नाव विचारत होतास तू. आईने पहिल्यांदा तिच्या सख्ख्या बहिणीकडे, मार्थाकडे, बोट दाखवून असंच विचारलं होतं. आपण तेव्हा हसलो होतो, आठवतं?

काय चाललंय, ते मला सांग.

ॲगी

*

मँचेस्टर,
१५ सप्टेंबर

ॲगी,

कमाल करतेस तू! अगं, मागे बसलेल्यांनी नुसतं तोंड हलवायचं असतं, हा आमचा धंदा आहे. कुणी भाज्यांची नावं घेतो, कुणी शर्यतीच्या घोड्यांची. त्या दिवशी माझ्या तोंडात ते आलं. उद्या मी 'घराला आग लागली' म्हटलं तर बंब घेऊन येशील का?

तू पोलिसात जायला हवं होतंस. माझ्या एकतीस हवालदारांपेक्षा बरं काम केलं असतंस. आणि कृपा करून माझे ओठ वाचत जाऊ नकोस. माणसाचं काही खाजगी असतं की नाही?

क्लिफ

ता. क. आईला त्या इस्पितळात नेलं तेव्हा तिचं वय काय होतं गं? सहज विचारतोय.

*

नेल्सन,
१८ सप्टेंबर

क्लिफ,

त्रेसष्ट. आणि तू हे सहज विचारलेलं नाहीस.

तू एकसष्टचा आहेस हे मला ठाऊक आहे. तुझा पाळणा मीच हलवला आहे.

मी तो दिवस विसरलेली नाही. दाराला बाहेरून कुलूप. आई पर्स छातीशी धरून नर्सला विचारत होती, "माझी मुलं कधी येणार?" आणि आपण दोघं तिच्यासमोर उभे. परतताना बसमध्ये तू माझा हात इतका घट्ट धरलास की दुसऱ्या दिवशी मला मागावर धागा ओवता येईना. काय ठरलं होतं आपलं? दोघांपैकी कुणाला असं काही झालं तर दुसऱ्याने ते तोंडावर सांगायचं. आणि कुलपाआड ठेवायचं नाही. तूच म्हणाला होतास.

तर मी तोंडावर सांगतेय. क्लिफ, तुझ्या डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्यात, असं मला वाटतं. मी चुकत असेन तर मला शिव्या घाल. भरपूर घाल. या वेळी मी आनंदाने खाईन.

ॲगी

*

मँचेस्टर,
२९ सप्टेंबर

प्रिय ॲगी,

तुला घालायला दहा दिवस शिव्या शोधत होतो. सापडल्या नाहीत.

ईस्टरपासून चाललंय. आधी वाटलं थकवा असेल. मग एकदा ग्रिमशॉच्या गल्ल्यावर उभा होतो, समोरचा माणूस वाक्य बोलून माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काहीच नव्हतं. रंगभूमीवर असताना कधी ब्लँक झालो की विंगेतून कुणीतरी कुजबुजायचं. इथे डोक्यावर माइक टांगलेला असतो, कुजबुजही पकडतो. रेकॉर्डिंग थांबवलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. दिग्दर्शक पोरगेला आहे. सारखा घड्याळाकडे बघतो.

म्हणून मी वाक्यं लिहून ठेवायला लागलो. खिळे भरायच्या कागदी पिशव्या असतात ना दुकानात, त्यांच्यावर, पेन्सिलीने. गिऱ्हाइकाला खिळे भरून देतोय असं दाखवत वाचायचं. छान जमलं होतं. परवा एका नव्या गिऱ्हाइकाने खिळे घेतले आणि तो पिशवी उचलून चालता झाला! माझी सगळी वाक्यं दाराबाहेर गेली, ॲगी. मी ओरडलो, "अहो, सुट्टे पैसे विसरलात!" तो परत आला, मी पिशवी हिसकावून घेतली, आणि सगळे म्हणाले, वा, क्लिफला काय सुचतं! मी हसलो आणि नंतर संडासात जाऊन उलटी केली.

मेकअपच्या खोल्यांची दारं सगळी सारखी आहेत. हातात चहाचा कप घेऊन मी बाहेर उभा राहतो. ओळखीचं कुणी आत शिरलं की त्याच्या मागून जातो. लोकांना वाटतं मला गप्पांची हौस आहे.

डॉक्टरकडे जा म्हणू नकोस. एकदा कागदावर आलं की संपलं. मग मला नेतील कुठेतरी. मला फार भीती वाटते गं. सकाळी डोळे उघडले की आधी मिसेस टूल यांचं नाव म्हणतो, मग डोरीनचं, मग तुझं. तुझं आलं की मग पाय खाली टाकतो.

एक मागणं आहे. लहानपणी शनिवारी मी आईचा डबा घेऊन विणखात्यात यायचो, तेव्हा तुम्ही दोघींनी मला ओठांचं बोलणं शिकवलं होतं. ते मी विसरलेलो नाही. तू गुरुवारी रेकॉर्डिंगला ये. कॅमेऱ्याच्या बाजूला खुर्ची टाकून बस. मी अडलो की तू नुसते ओठ हलव. माइकला काय कळणार?

ग्रिमशॉ गेला तर मागे कोण उरतं ते मला माहीत नाही, ॲगी. खरंच माहीत नाही.

क्लिफ

*

नेल्सन,
२ ऑक्टोबर

क्लिफ,

येते. नऊ तारखेला, सकाळच्या बसने. विणकामाची पिशवी आणीन. म्हातारी बहीण भावाचं कौतुक बघायला आली म्हटल्यावर कुणी हाकलणार नाही. तुझी वाक्यं आधी पोस्टाने पाठव. मला पाठ करू देत, तुझ्यापेक्षा माझं डोकं शाबूत आहे.

पण फक्त नाताळपर्यंत. पुढचं नाताळच्या जेवणाला बसल्यावर बोलू. आणि उलटी झाली ते मला आधी कळवत जा रे गाढवा, नंतर नाही.

ॲगी

*

मँचेस्टर,
२४ ऑक्टोबर

प्रिय ॲगी,

एडनाची चिठ्ठी मिळाली. सोळा तारखेला रेकॉर्डिंगहून परत जाताना तू स्वतःच्याच पायरीवरून पडलीस? तीस मैलांचा प्रवास नीट करून दारात? सहा आठवडे प्लास्टर म्हणे. सगळं माझ्यापायी झालं.

पण त्या दोन गुरुवारांनी काय जादू केली म्हणून सांगू! दिग्दर्शकाने माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "तुमच्या डोळ्यांत काहीतरी नवीन आलंय, मिस्टर हॅसलम." मी म्हटलं, माझी बहीण आली आहे. त्याला वाटलं विनोद.

काल तुझ्याशिवाय पहिलं रेकॉर्डिंग झालं. उत्तम झालं. एकदाही अडलो नाही. तू पाय वर ठेवून स्वस्थ पड.

तुझा,
क्लिफ

*

नेल्सन,
३० ऑक्टोबर

क्लिफ,

तुमचं रेकॉर्डिंग आम्हाला तीन आठवड्यांनी दिसतं. काल नऊ तारखेचं दाखवलं, मी होते त्या दिवशीचं. एडना म्हणाली, "आज तुझ्या भावाने रडवलं बाई." डोरीन समोर असताना तू तिच्या खांद्यावरून पलीकडे बघतोस. तिथे मी होते. लोकांना वाटतं ग्रिमशॉ गेलेल्या बायकोला आठवतोय. माझा भाऊ पुढच्या शब्दासाठी माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि आईच्या डोळ्यांत शेवटी होती तीच भीती त्याच्या डोळ्यांत होती. स्टुडिओत एवढ्या दिव्यांत मला ती दिसली नव्हती. इथे, माझ्या खोलीत दिसली.

पाच नोव्हेंबरला सोळा तारखेचं दिसेल. त्यातही मी आहे. बारा नोव्हेंबरला मात्र तेवीसचं दिसेल. त्या बुधवारची मला धास्ती बसली आहे. तू 'उत्तम झालं' लिहिलंस. खरं काय ते मला आधीच सांग. टीव्हीवरून कळायला लावू नकोस.

ॲगी

*

मँचेस्टर,
४ नोव्हेंबर

प्रिय ॲगी,

सगळं झकास चाललंय. धास्ती कसली घेतेस?

बातमी ऐक. ऑक्टोबरातलं काम बघून त्यांनी माझ्यासाठी खास प्रसंग लिहिलाय. ग्रिमशॉ दुकान बंद करतो आणि रिकाम्या फळ्यांकडे बघत एकटाच बोलतो. सलग चार मिनिटं, समोर कुणी नाही! वीस तारखेला रेकॉर्डिंग. जन्मभर लोकांना स्टेशनचा रस्ता दाखवला, आता कुठे माझ्या एकट्यावर कॅमेरा लागतोय. हे मला हवंय, ॲगी. नको म्हणू नकोस.

आणि हो, काल काय गंमत झाली ऐक. कसायाच्या दुकानात रांगेत उभा होतो. मागून एक बाई म्हणाली, "मिस्टर ग्रिमशॉ, अर्ध्या इंचाचे खिळे आहेत का हो?" मी म्हटलं, "बाई, संपलेत. मंगळवारी या." ती "बरं" म्हणून निघूनसुद्धा गेली, मटण न घेता!

तुझा,
क्लिफ

*

नेल्सन,
६ नोव्हेंबर

क्लिफ,

कसायाच्या दुकानातली ती बाई तू मला सप्टेंबरातच सांगितली होतीस. शब्द न् शब्द तोच. दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. मी अर्धा तास एकदा हे वाचतेय, एकदा ते.

ते चार मिनिटांचं घेऊ नकोस. तुझ्या पाया पडते. ते तुला मिळालं माझ्यामुळे. मी ओठ हलवले, तू बोललास, आणि त्यांना वाटलं म्हातारा फुलतोय. मला वाटलं होतं मी तुला सावरतेय. खरं म्हणजे मीच तुला त्या दिव्यांखाली उभं करून ठेवलं. माझं चुकलं.

डोरीनला सांग. तिने मला ऑक्टोबरात तिचा टेलिफोन नंबर दिला होता. मनाने चांगली आहे ती. नाहीतर मी सांगू? उलट टपाली कळव.

ॲगी

*

नेल्सन,
१० नोव्हेंबर

क्लिफ,

आज सोमवार. तुझं काहीच आलं नाही. पोस्टमन मला खिडकीत बघितलं की लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो. दोन ओळी लिही. पाहिजे तर शिव्या लिही.

ॲगी

*

नेल्सन,
१२ नोव्हेंबर, बुधवार

क्लिफ,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या तुझ्या हातात देईन.

आत्ताच तेवीस तारखेचं संपलं. एडनाला मी आज बोलावलं नव्हतं, एकटीच बसले होते. तू गल्ल्यामागे उभा होतास. तुझी पाळी आली आणि तू बोलला नाहीस. डोरीन लगेच म्हणाली, "म्हणजे तुम्ही असं म्हणणार ना मिस्टर ग्रिमशॉ, की..." आणि तुझं वाक्य तिनेच म्हणून टाकलं. पुढचंही तिनेच. मग ती पुढे आली, भांडण तिचं आणि त्या दूधवाल्याचं सुरू झालं, आणि तू मागे राहिलास.

मग तू कॅमेऱ्याच्या बाजूला बघितलंस, माझी खुर्ची असायची तिथे. तुझे ओठ हलले. भाज्यांची नावं नव्हती ती, घोड्यांचीही नव्हती. "ॲगी, मला घरी ने." तीनदा म्हणालास. तिसऱ्यांदा तर आई शिकवायची तसं, एकेक अक्षर सुटं करून, लांबच्या माणसासाठी बोलतात तसं. साऱ्या देशाने एक म्हातारा दुकानदार तोंड हलवताना बघितला. वाचलं मी एकटीने, आणि तेही तीन आठवड्यांनी.

तीन आठवडे, क्लिफ. आधी 'उत्तम झालं', मग 'सगळं झकास चाललंय' वाचत मी इथे पाय वर ठेवून बसून होते.

मी एडनाकडे लंगडत गेले आणि तिच्या फोनवरून डोरीनला गाठलं. ती रडायला लागली. म्हणाली, प्रत्येक रेकॉर्डिंगला तो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो. सगळ्यांना माहीत आहे रे. मेकअपवाल्या पोरींनाही. तू दारापाशी कप घेऊन उभा दिसलास की त्या मुद्दाम तुझ्यापुढून आत जातात. पिशव्यांवर तुझं अक्षर पुसट झालं की कुणीतरी ते पुन्हा ठळक करून ठेवतं. कुणी बोलत नाही, कारण तुला वाईट वाटेल. तू लपवत होतास, ते लपवत होते आणि मीही लपवत होते. त्या भीतीत मात्र तू एकटाच.

वीस तारखेचं ते चार मिनिटांचं होणार नाही. डोरीन उद्या दिग्दर्शकाशी बोलणार आहे. मला शिव्या घालायच्या तर घरी आल्यावर घाल.

एडनाच्या भावाची पावाची गाडी पहाटेच मँचेस्टरला जाते. मी प्लास्टरसकट पुढच्या सीटवर बसून येतेय. डोरीन आज रात्रीच तुला माझा निरोप देईल: सामान बांधू नकोस. दारात येऊन उभा राहू नकोस, दार चुकेल. आहेस तिथेच बस. दार मी शोधीन.

वाटेत तू मला विचारशील, ही बाई कोण, कुठे नेतेय. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती आहे. म्हणून तुझ्या सवयीप्रमाणे लिहून आणलंय, ऑक्टोबरात तुमच्या दुकानातून उचललेल्या पिशवीवर. खिशात ठेव. ही पिशवी कुणी गिऱ्हाईक नेणार नाही.

ॲगी

*

(खिळ्यांच्या कागदी पिशवीवर, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात)

माझं नाव क्लिफ हॅसलम. ही पायाला प्लास्टर घातलेली बाई म्हणजे ॲगी, माझी बहीण. आम्ही घरी चाललो आहोत. इस्पितळात नाही. तिथे दाराला कुलूप नाही. पुढचं आठवलं नाही तर घाबरायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं. ती सांगेल.